सहीवाचून राहिलेला दाखला

दिंडोशीच्या नव्या वसाहतीत आम्ही राहायला आलो, त्याच वर्षी कंपनीने मला केनियाला धाडलं. नैरोबीत छपाईची तीन यंत्रं बसवायची आणि दीड महिन्यात परत यायचं. मी फिटर माणूस, सहार विमानतळ बाहेरून पाहिलेला. पण केनिया म्हटल्यावर नाही म्हणवेना. लग्नाआधी बाबा तिथल्या एका कॉफीच्या मळ्यावर कारकून होते. तिकडची माणसं आपल्यावर जीव टाकायची, असं ते नेहमी सांगत. आदल्या वर्षी ते गेले. त्यांना ओळखणारं एक तरी माणूस मला भेटायला हवं होतं. त्यांचा जुना फोटो आणि त्याच्या मागे लिहिलेलं मळ्याचं नाव, एवढ्या भांडवलावर मी निघालो.

नैरोबीच्या हॉटेलात चपाती आणि चाय याच नावांनी मिळतात, हे पाहून बरं वाटलं. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) मात्र मला शेवटपर्यंत जमली नाही. आईने दिलेलं कुळथाचं पीठ विमानतळावरच्या अंमलदाराने हुंगता हुंगता अर्धं सांडलं होतं, नाहीतर पिठीवर दिवस काढले असते.

पहिल्याच रविवारी मटाटूने (माणसं कोंबून नेणारी भाड्याची गाडी) थिका गावाच्या बाजूला, त्या मळ्याकडे गेलो. वाटेत टायर फुटला, तासभर रस्त्याकडेला बसलो. लाल माती थेट आमच्या रत्नागिरीची. सपाट जमिनीवर कॉफीच्या सरळ रांगा, आणि माणसांची घरं, मक्याचे तुकडे सगळे उतारावर. इंग्रजांनी चांगली जमीन आपल्याकडे घेऊन मूळ मालकांना तिच्यावरच मजूर केलं, हे ऐकून होतो. इंग्रज जाऊन वीस वर्षं झाली होती. मळा आता नैरोबीतल्या कुणा बड्या माणसाचा होता, कुंपण मात्र जागचं हललं नव्हतं. फाटकावरच्या रखवालदाराने परवानगीची चिठ्ठी मागितली. मी फोटो पुढे केला. त्यात बाबा टेबलाशी बसलेले, मागे दारात एक तरुण मजूर. त्या मजुरावर बोट ठेवून रखवालदार म्हणाला, "हा कारिउकी. जिवंत आहे. खाली नदीपाशी राहतो."

म्झे कारिउकी (म्झे म्हणजे वडीलधारे) दारात स्टुलावर बसले होते. त्यांची नात वांजिरू शाळेत शिकवायची, तीच आमची दुभाषी झाली. तिने दुधाचा चहा दिला. जन्मभर कॉफी तोडलेल्या त्या घरात कॉफी नव्हती. म्हाताऱ्याने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बाबांचं नाव अगदी स्वच्छ उच्चारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ते उठून आत गेले आणि दोरी ओवलेली एक पत्र्याची डबी घेऊन आले. आत घड्या पडून फाटायला आलेला कागद.

"किपांडे," वांजिरू म्हणाली. "इंग्रजांच्या राज्यात प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला हा कागद जवळ बाळगावा लागायचा. गळ्यात ही डबी. शेळीच्या गळ्यात घंटा असते, तशी. आधीच्या मालकाने मोकळं केल्याची सही नसली, तर दुसरीकडे काम नाही. तसंच निघून गेलं, तर तुरुंग."

कागदावर बोटांचे ठसे होते, कामावर घेतल्याची नोंद होती. अक्षर बाबांचं. शाळेत माझ्या वह्यांवर नाव घालायचे ते हेच वळणदार अक्षर. पुढचा, मोकळं केल्याचा रकाना कोरा.

"आई आजारी होती," म्झे सांगू लागले. "मी मोकळं करा म्हणालो. साहेब म्हणाला, तोडणी संपल्याशिवाय नाही. मी तुझ्या बापाकडे गेलो. साहेबाच्या वतीने सह्या तोच करायचा. तीन दिवस दारात उभा राहिलो. मग पळालो. पकडलं. सुटलो तेव्हा आईला पुरलेलं होतं."

"बाबा तसे नव्हते," मी म्हणालो.

"वाईट नव्हता," म्झे म्हणाले. "मला चहा द्यायचा. सही दिली नाही."

मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तू त्याचा मुलगा. सही कर."

"आता तिचा उपयोग काय?" मी वांजिरूला विचारलं.

तिने विचारून सांगितलं, "ते म्हणतात, उपयोग आमचा आम्ही बघू."

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. सही केली की बाबांनी केलं ते कबूल केल्यासारखं होतं. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. शेवटी कोऱ्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं आणि खाली माझी सही केली. म्झेंनी नातीकडून ते दोनदा वाचून घेतलं. कागद सदऱ्याच्या खिशात घातला आणि डबी माझ्या हातात दिली.

"कागद माझा," म्हणाले. "डबी तुमच्या घरची."

महिन्याभराने घरी आलो. आईने चहा टाकला आणि विचारलं, "ह्यांचं कोण भेटलं काय रे?"

मी कागदाची, सहीची हकीकत सांगितली. ती डबीकडे बघत राहिली, हात मात्र लावला नाही. मग म्हणाली, "पोटासाठी केलानी रे त्यांनी. साहेबाचा हुकूम, ते काय करणार?"

तिचं खोटं नाही. हुकूम साहेबाचाच होता, जमीनही त्यानेच लाटली, आणि त्याला शिव्या घालायला मलाही काही जड जात नाही. पण आईला एक गोष्ट सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही. कारिउकी तीन दिवस उभे होते ते दार साहेबाचं नव्हतं. त्या दारातून रोज 'नाही' म्हणणारा माझा बाप होता.