सगळे चला

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आजही आहे, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तळेगावकडे, नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते. पार्ट मापात बसला तर पास, नाही तर बाजूला — मधलं काही नसतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत मी, माझा नवरा संदीप आणि आमची चार वर्षांची मुक्ता असे तळेगावहून नागावला गेलो. बेत साधाच होता. एक दिवस समुद्र, दुसऱ्या दिवशी येताना घाटाखालचं थीम पार्क, मग लोणावळ्याला चिक्की घेऊन टाकव्याला सासूबाईंकडे मुक्काम. मुक्ताने समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. निघायचं म्हटल्यावर तिने वाळूतच बैठक मारली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "पोरीला हाक मारली का? पाण्यावरनं निघताना नाव घिऊन हाक मारायची, बरं."

आमच्या घरात ही रीतच आहे. ओढा असो, धरण असो, निघताना लेकराला नावाने हाक मारायची, म्हणजे त्याचा जीव तिथे घोटाळत नाही. मी "हो हो" म्हणून फोन ठेवला, संदीपला डोळा मारला आणि समुद्राकडे तोंड करून एसटीच्या कंडक्टरसारखी ओरडले, "चला रे चला, सगळे चला! तळेगावची गाडी सुटतेय!" मुक्ता खिदळत उठली. चालता चालता मागे वळून ती कुणाला तरी म्हणाली, "ये ना." लहान पोरं काय, खांबाशीही बोलतात. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्कात तिला छोट्या आगगाडीत बसवलं. दांडा लावणारा माणूस म्हणाला, "ताई, त्या दुसरीला जरा आत सरकवा, हात अडकंल." मी पाहिलं. मुक्ता एकटीच होती — सीटच्या कडेला, अंग चोरून. त्यानेही पुन्हा पाहिलं, "सॉरी" म्हणाला आणि पुढच्या डब्याकडे गेला. गर्दीत होतं असं, मी स्वतःला समजावलं.

घाट चढताना मुक्ता मागच्या सीटवर दाराला चिकटून बसली होती.

"मधे सरक गं."

"जागा नाहीये."

मी मागे हात घातला. मधली सीट ओली होती. पाण्याची बाटली माझ्या पायाशी, झाकण घट्ट. हाताला वाळू लागली. लोणावळ्याला चिक्की दिली, तर तिने ती मोडून अर्धी त्या ओल्या सीटवर ठेवली. "मुक्ता!" मी जरा जोरात हाक मारली... आणि तिने शेजारी पाहिलं. नाव दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. कपाळाला हात लावला, तर अंग चांगलंच तापलेलं.

टाकव्याला पोचेपर्यंत ती हाकेला ओ देईनाशी झाली. डॉक्टरांनी औषध दिलं, पण सकाळीही ताप तसाच. डोळे उघडे, आणि मला ओळखतच नव्हती. मी उंबऱ्यात बसून रडत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"खरं सांग. कुणाला हाक मारली व्हतीस?"

मी सांगितलं.

"पाण्याकडं तोंड करून 'सगळे चला' म्हणत न्हाईत गं पोरी. बोलावलं, मंग आलं. त्याचा तरी काय दोष?"

"आता काय करू, आई?"

"जितनं आणलं तितं नेऊन सोड. अन् आपलीचंच नाव घे. पाठ फिरवली की मागं बघू नगंस."

संदीप गाडी काढायला गेला. घाटात मी मुक्ताला मांडीवर घेतलं होतं, पण तिचा एक हात मागच्या सीटकडे लोंबत होता. मूठ मिटलेली.

नागावला ऊन होतं, लोक खेळत होते. मी तिला कोरड्या वाळूत उभं केलं. अंगात त्राण नव्हतं, तरी ती उभी राहिली. एक हात बाजूला, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. मी पाठ फिरवली आणि म्हणाले, "मुक्ता, चल." पाऊल वाजलं नाही. चालत राहिले. पोटच्या पोरीला पाण्यापाशी सोडून मागे न बघता चालायचं... अशी वेळ कुणावर येऊ नये. आणि मग माझ्या हातात एक हात आला. गार, ओला. मुक्ता तर पाण्यात गेलीच नव्हती.

गाडीत बसल्यावर मी तिला पाहिलं. मी क्वालिटीवाली, मनगटावरचा तीळ, दातातली फट, कानामागची खूण, सगळं तपासलं. माझीच होती. ताप उतरला होता. मी तिला घट्ट धरून ओक्साबोक्शी रडले.

"आई," ती म्हणाली, "तिला का नाही हाक मारलीस? ती पण रडतेय."

ताप उन्हाचा असेल, ओल टॉवेलची असेल, असं संदीप म्हणतो. म्हणतो, पण त्या सीटवर सामानसुद्धा ठेवत नाही. मला काहीच सांगता येत नाही. आता कुठूनही निघताना मी फक्त मुक्ताचं नाव घेते. ती लगेच येते, शहाण्यासारखी. दारात मात्र थोडी रेंगाळते... आणि माझ्या पाठीमागे, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणते, "चला, सगळे चला."