पाटीवरचा शेंदूर

आमचे घर जंगल नाक्याला लागूनच होते. अहेरीकडून सागवान भरून निघालेले ट्रक बल्लारपूरच्या डेपोकडे जाताना आमच्या अंगणासमोरच्या आडव्या बांबूपाशी थांबत. बाबा या नाक्याचे नाकेदार. ओंडके मोजायचे, प्रत्येकावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का आहे का ते पाहायचे, वाहतुकीचा पास तपासायचा आणि शेवटी वहीत वेळ व गाडीचा नंबर उतरवून बांबू वर करायचा, हे त्यांचे काम. यांतली पहिली तीन कामे ते डोळ्यांत तेल घालून करत. नंबर मात्र नुसता उतरवत. "आपला संबंध लाकडाशी. गाडी पाहायला दुसरं खातं आहे," असे ते म्हणत. नियमाने पाहिले तर त्यांचे बरोबर होते.

मी तेव्हा नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. एम.एस्सी. करून प्रयोगशाळेत काम मिळवायचे, हे मी ठरवून टाकले होते. बाबांची नोकरी आहे तोवरच हे शक्य होते. ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण मला ती ठाऊक होती.

नाक्यापासून चौथ्या घरात एक ट्रक ड्रायव्हर राहत. त्यांचे वडील आणि भाऊ गावच्या तळ्यावर मासे धरीत. त्या घरातून मोटारीवर गेलेले ते पहिलेच. मी त्यांना भाऊ म्हणत असे. कॉलेजला पहिल्यांदा निघाले तेव्हा माझी ट्रंक त्यांनी ओंडक्यांवर दोराने बांधली होती आणि मला व बाबांना पुढे बसवून बल्लारपूरच्या स्टेशनापर्यंत नेले होते. "मोठी सायबीण झाल्यावर मले वळखजा म्हंजे झालं," असे ते गाडी सुटताना ओरडले होते. त्यांचा ट्रक एका लाकूड ठेकेदाराचा होता. तरी तो त्यांच्याच अंगणात उभा असे आणि घरचे त्याला घरचाच समजत.

त्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मला सुटी होती आणि मी घरी होते. पावसाळ्यात बंद पडलेला रस्ता नुकताच मोकळा झाला होता आणि वाहतूक सुरू होण्याआधी गाडीची पूजा व्हायची होती. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला बोलावले. "बाई, तुमचा हात शिकलेला. स्वस्तिक तुमीच काढा. माह्यं वाकडंच होते."

शेंदूर कालवायला त्यांनी तिळाचे तेल आणले होते. मी ते परत पाठवले आणि जवसाचे मागवले. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो जवसाच्या तेलात कालवला की तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पुलांच्या लोखंडाला हाच रंग देतात. हे सारे मी त्यांना उभ्या उभ्या समजावून सांगितले. वहिनी कौतुकाने ऐकत होत्या. भाऊ म्हणाले, "म्हंजे पुढच्या दसऱ्यापावेतो चिंता नाई."

समोरची नंबराची पाटी बंपरला नट-बोल्टांनी बसवलेली होती. आकड्यांच्या उजवीकडे थोडी मोकळी जागा होती, तिथे मी स्वस्तिक काढले. ते जरा मोठे झाले. खालचा आडवा हात पाटीत मावला नाही. तो खाली बंपरवर उतरला. वहिनींनी नारळ फोडला. माझ्या हातावरचा शेंदूर पुढे दोन दिवस घासूनही निघाला नाही.

दिवाळीला चार दिवस उरले असताना जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, मोटार इन्स्पेक्टर आले. त्यांनी बाबांची वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून पाने उलटली. भाऊंच्या ट्रकचा नंबर एकाच दिवशी सकाळी आणि पुन्हा दुपारी, दोन्ही वेळा बल्लारपूरकडे जाताना नोंदलेला होता. असे तीन दिवस सापडले. डेपोला जाऊन माल उतरवून परत जंगलात शिरायचे तर त्या रस्त्याने पुरता दिवस लागे.

"नाकेदार, तुमच्या वहीतल्या गाडीला पंख आहेत काय?"

"जो नंबर समोर आला तो लिहिला, साहेब."

"गाडी एक आणि फेऱ्या दोन. म्हणजे नोंदी खोट्या, आणि लाकूड भलत्याच वाटेनं गेलं. तुमच्या खात्याला मला तसं कळवावं लागेल. आज ना उद्या निलंबन येईल, तयारी ठेवा."

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी दारात उभी होते आणि मला एकच दिसत होते, की माझे वर्ष गेले.

नेमका त्याच वेळी भाऊंचा ट्रक आला. इन्स्पेक्टरांनी तो थांबवला, कागद मागितले, बॉनेट उघडायला लावून इंजिनावरचा नंबर चिंधीने पुसून वाचला. सगळे जुळत होते.

"दुसरी गाडी कुठे आहे रे?" त्यांनी विचारले.

"दुसरी कुठची, साहेब?" भाऊ हसले. "गाडी एकच हाये. डायवरच दोघाइतकं काम करून राह्यला."

बांबूपाशी उभे असलेले हमालही हसले. इन्स्पेक्टरांनी कागद परत केले आणि बाबांकडे असे पाहिले, जणू आता विचारण्यासारखे काही उरलेच नाही. बाबांनी बांबूच्या दोराला हात घातला.

मी पाटीकडे पाहत होते. तिच्यावर शेंदूर नव्हता. खाली बंपरवर मात्र माझ्या स्वस्तिकाचा खालचा हात तसाच होता, टणक आणि लाल. वरचे अंग कुठेच नव्हते.

हिशेब जुळायला क्षणही लागला नाही. तो शेंदूर पावसाने किंवा धुळीने जाणारा नव्हता. पाटीवरचा गेला आणि बंपरवरचा राहिला, याचा अर्थ पाटीच बदलली. ज्या गाडीला कागद आहेत तिला पाटी कशीही चालते. ज्या गाडीला कागदच नाहीत तिची पाटी तरी खरी दिसायला हवी. खरी पाटी त्या दुसऱ्या ट्रकवर गेली होती, भाऊंच्या ट्रकवर त्याच नंबराची नवी पाटी होती. आणि देवाचा शेंदूर आपल्या हाताने पुसायचा नसतो, म्हणून ज्याने ती काढली त्याने ती तशीच लावली असणार.

"साहेब, दुसरी गाडी आहे," मी म्हणाले. "तिच्या पाटीवर अर्धं स्वस्तिक असेल. ते मी काढलेलं आहे."

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे हसू चेहऱ्यावरून लगेच गेले नाही. ते थोडा वेळ तसेच राहिले, आणि मग नव्हते. "बाई," एवढेच ते म्हणाले.

दुसरा ट्रक त्याच संध्याकाळी ठेकेदाराच्या कोठारामागे सापडला. लष्कराच्या लिलावातला, तसलाच दिसणारा, कर वाचवायला नोंदणीच न केलेला. पाटीवर अर्धे स्वस्तिक होते. बाबा सुटले. त्यांच्या नोंदी खऱ्या ठरल्या.

मी असे धरून चालले होते, की खटला ठेकेदारावर होईल. ठेकेदाराने लिहून दिले, की आपल्याला यातले काही ठाऊक नाही. तो ट्रक मोडीत घातला होता, ड्रायव्हरांनी परस्पर चालवला. पाट्या कोणी बदलल्या, असे भाऊंना विचारले तेव्हा त्यांनी खरे तेच सांगितले: पाना माझ्याच हातात होता. मालकाने सांगितले म्हणून केले, हे वाक्य ते त्याला जोडत होते, पण त्याला साक्षीदार नव्हता. दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर तेलंगणाकडे निघून गेला होता. भाऊंचा परवाना रद्द झाला. ठेकेदाराचे ट्रक महिन्याभराने पुन्हा नाक्यावर येऊ लागले, नव्या ड्रायव्हरसह.

बाबा त्यानंतर ओंडके मोजण्याआधी गाडीची पाटी अंगठ्याने चाचपून पाहत. माझ्याशी त्यांनी तो विषय एकदाच काढला. "तू बोलली नसतीस तर आपण बुडालो असतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांच्या अंगणात गाडी नाही, ते बघवत नाही."

पुढच्या दसऱ्याला मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातून घरी आले. भाऊ वडिलांच्या डोंग्यावर तळ्यात जाऊ लागले होते. मी आपट्याची पाने घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते घरात नव्हते. मला येताना पाहून मागल्या दाराने गेले असावेत, कारण त्यांची बिडी चुलीपाशी जळत होती. वहिनी अंगणात जाळे पसरून पूजा मांडत होत्या. जिथे ट्रक उभा राहत असे तिथे डोंगा पालथा घातला होता.

त्यांनी पाने घेतली, मला पाट दिला. वाटीत शेंदूर होता. मी सवयीने विचारले, "तेल आणू का घरून?"

"नोको, बाई. पाण्यात कालवला," त्या म्हणाल्या, आणि डोंग्याच्या टोकाला बोटाने एक वाकडे स्वस्तिक काढू लागल्या. "तळ्यात गेला का धुतल्या जाते. तेच बरं हाये."