आपानं मशीन बंद केलं तो दिवस

बोलता बोलता ती एकदम हात वर करायची. पंजा आपल्या तोंडासमोर, नजर मनगटावरच्या मोठ्या मर्दानी घड्याळावर. "थांबा भाऊ, मोजून राह्यली." मग समोर साहेब असो की हवालदार, तिचं मोजणं संपेपर्यंत त्यानं गप्प बसायचं. मी तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, तरी सगळ्यांसारखा तिला आपा, म्हणजे ताईच, म्हणायचो.

जळगाव जामोदकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर मी चिठ्ठ्या काढायला होतो. गाडीचं वजन झालं की कॉम्प्युटरमधून चिठ्ठी निघायची, ती घेऊन शेतकरी कापूस खाली करायचा. बीटीचं बियाणं तेव्हा नवं होतं. सगळ्यांनी तेच पेरलं, सगळ्यांचा कापूस एकदम फुटला आणि एकदमच केंद्रावर आला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर, पार नाल्याच्या पुलापर्यंत. माणसं चार-चार दिवस गाडीखालीच राहायची.

लाईट दिवसातून दोनदा जायची. जनरेटर होता, त्यात डिझेल नव्हतं. बॅटरी दहा मिनिटांत मान टाकायची आणि आतल्या खोलीतला सर्व्हर बंद पडायचा. लाईट आल्यावर तो उठायला चाळीस मिनिटं घ्यायचा. तेवढा वेळ मी खिडकीशी बसून शिव्या खायचो. त्या हंगामात माझ्या आईची आठवण लोकांनी जितकी काढली, तितकी मी जन्मात काढली नसेल.

अकोल्याहून एक इंजिनिअर येऊन गेला. "मशीन म्हातारं झालं, नवं घ्या," म्हणाला आणि चहा पिऊन निघाला. मग दुरुस्तीच्या कंत्राटावर आपा आली. खामगावला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, ओढणी कमरेला खोचलेली. तिनं मशीन उघडलंसुद्धा नाही. मशीन उठताना पडद्यावर ज्या ओळी सरकायच्या, त्या पाहत बसली. कोणती ओळ किती वेळ अडते ते वहीत लिहायची. असे तीन दिवस.

"म्हातारं नाई भाऊ," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "वाट पाहून राह्यलं."

"कोणाची?"

"जे इथं नाईच, त्याची."

पावसाळ्यात वीज पडून नेटवर्कचं कार्ड जळालं होतं, त्या जागी दुसऱ्याच कंपनीचं बसवलं होतं. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात; नव्या कार्डाच्या ड्रायव्हरला आपल्याआधी आणखी एक छोटा प्रोग्राम सुरू झालेला लागायचा. सुरुवातीच्या यादीत तो प्रोग्राम नव्हता, जळालेल्या कार्डाचं नाव मात्र अजून होतं. मशीन आधी जळालेल्याला शोधायचं, मग नव्याला उठवायला जायचं, तो उठायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून. बाकीची सगळी कामं मागं खोळंबलेली. शेवटी कुठंतरी भलत्याच टप्प्यावर तो छोटा प्रोग्राम सुरू व्हायचा आणि काम पुढं सरकायचं.

"यादी नवी बनवते," आपा म्हणाली. "पन बंद करून चालू केल्याबिगर समजनार नाई."

"हंगाम संपू द्या," केंद्राचे साहेब म्हणाले.

त्याच दुपारी मशीन अडलेलं असताना दोन माणसं नंबरावरून भिडली. कापूस सांडू नये म्हणून गाडीच्या कडेला उभा दांडका लावतात, त्याला उभारी म्हणतात. एकानं ती उपसली आणि दुसऱ्याच्या कानावर घातली, माझ्या खिडकीसमोर. दवाखान्यात नेताना तो माणूस खामगावच्या रस्त्यावर जीपमध्येच गेला. आपानं पायऱ्यांवर तीन बादल्या पाणी ओतलं, खराट्यानं घासलं. मग हात पुसत म्हणाली, "उद्या बंद करते."

दुसऱ्या दिवशी खोली उघडल्या उघडल्या ती यादीला बसली. अकराला म्हणाली, "झालं." मी म्हटलं, दुपारी लाईट जाईलच, तेव्हा पाहू.

"काही चुकलं असलं त तवा दिवस जाईन. आत्ता दुरुस्त करता येते." आणि तिनं मशीन बंद केलं.

पुढचा नंबर सोनाळ्याकडच्या एका माणसाचा होता. पन्नाशीचा, अंगानं वाळलेला. आदल्या दिवशी रांगेतच त्याचा एक बैल बसला तो उठला नव्हता. त्यानं वर पाहिलं, बल्ब जळत होता. माझा पडदा काळा.

"लाईट त हाय बे! बाईनं बंद केलं!"

पहिल्या दगडानं खिडकीची काच आत आली. दुसरा माझ्या खांद्याला लागला. मी टेबलाखाली शिरलो. कसा शिरलो ते मला आठवत नाही. शिरलो एवढं खरं. तिथून मला उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. तो माणूस उभारी घेऊन मागच्या दारानं आत आला. आपा मशीनला पाठ लावून उभी होती.

"मले मार. मशीनले हात लावू नको. चालू होऊन राह्यलं थे."

त्यानं मारलं. तिनं डावा हात आडवा घातला आणि कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. त्यानं पुन्हा उभारी उचलली. तिनं उजव्या हातानं कीबोर्ड ओढला आणि त्याच्या तोंडावर घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बटणं उडाली, एक माझ्या गुडघ्यापाशी येऊन पडलं. तो भिंतीला लागून खाली बसला. तोंडातून रक्त, ओंजळीत दात. तिच्या कोपराखालचा हात भलतीकडेच वळलेला.

तेवढ्यात माझा प्रिंटर खडखडला.

आपानं वाकून टेबलाखाली पाहिलं. चेहरा पांढराफटक. "भाऊ, निघा बाहीर," ती म्हणाली. "याचाच नंबर हाय. याची चिठ्ठी काढा."

मी काढली. चिठ्ठी त्याच्या हातात दिली, तेव्हा तो तिला म्हणाला, "बैल मेला माह्या, बाई."

"मालूम हाय," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

हवालदार आला. तिनं त्याला सांगितलं, "यानं मले मारलं, लिहा. मीनं याले मारलं, तेबी लिहा. लिहाचं त दोन्ही लिहा." त्यानं थोडा वेळ दोघांकडे पाहिलं आणि वही मिटली.

परवानगी न घेता मशीन बंद केलं म्हणून साहेबांनी तिचं कंत्राट आठवड्यात काढलं. मशीन त्यानंतर तीन मिनिटांत उठायचं. त्या हंगामात आणि पुढच्या दोन हंगामांत माझ्या खिडकीसमोर उभारी निघाली नाही. हंगाम सुरळीत पार पडल्याबद्दल साहेबांना शाल-नारळ मिळाला. त्यांनी तो घेतला.

वर्षभरानं मी तिच्या घरी गेलो. तुमच्यापैकी कोणी टेबलाखाली बसला असेल, तर मला एक वर्ष का लागलं ते त्याला कळेल. ओट्यावर तिचे वडील पत्रा ठोकत होते. आपा नाशिकला गेली होती, कुठल्याशा कारखान्यात मशीन सांभाळायला. हात वाकडाच जुळला, म्हणाले.

"चाचा, त्या दिवशी मी टेबलाखाली होतो," मी म्हटलं.

त्यांनी हातोडी थांबवून कानामागं पंजा धरला. पत्रा ठोकून ठोकून त्यांना ऐकू कमी येत होतं. "काय म्हनले?"

मी मोठ्यानं म्हटलं.

"जोरानं बोला ना जरा."

समोर टपरीवर चार माणसं होती. मी ओरडलो, "तिले मारून राह्यले होते तवा मी टेबलाखाली लपलो होतो!"

टपरीवरच्या माणसांनी वळून पाहिलं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

"हाव," ते म्हणाले. "तिनं सांगतलं होतं." आणि बसायला एक रिकामा डबा माझ्याकडे सरकवला.