सासऱ्यांची कोरडी विहीर

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा जमिनीत खोल कुठे पुरावा, याची जागा शोधणाऱ्या नागपुरातल्या एका कचेरीत मी नोकरीला होतो. आम्ही नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला गुण द्यायचो. खडक पक्का असेल तर गुण, पाणी नसेल तर गुण, पीक आणि वस्ती नसेल तर आणखी गुण. बेरीज करून पहिला नंबर संगणक काढायचा. या तक्त्यावर माझी इतकी श्रद्धा, की पंखा घेताना मी धंतोलीतल्या दुकानांनाही गुण देत बसलो. तोवर बायकोने शेजारणीला विचारून पंखा आणला आणि लावलाही.

एके दिवशी निकाल आला. पहिला आलेला चौकोन मी नकाशावर शोधला. रामटेकजवळचं ते वावर माझ्या सासऱ्यांचं! सरकारी नोंदीत ‘जमीन पडीक, विहीर कोरडी’ असं होतं. मालकाचं नाव न पाहता, नुसता गट नंबर बघून मीच भरभरून गुण दिले होते. आणि दर दिवाळीला त्याच वावरातला तांदूळ पोटभर खाल्ला होता.

बायको म्हणाली, "बाबाच्या वावरात कचरा पुरून राहिले तुम्ही? अन् गुणही तुम्हीच दिले?"

रविवारी आम्ही रामटेक गाठलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"जावईबापू, पाण्याच्या वावरातून सरकारले सस्त्या भावात लेव्हीचं धान द्या लागते नं. म्हणून तलाठ्याले मीच दरसाल सांगत आलो, विहीर आटली."

"मग आता पाणी दाखवा."

"दाखवलं तं लेव्ही, नाही दाखवलं तं तुमचा कचरा! काहून आणलं हो असलं यंत्र?"

पहिल्या आलेल्या जागेची पाहणी करायचा नियम होता. आठवड्याने आमचे साहेब आणि तलाठी वावरात उभे राहिले. त्यांच्या मागे मी, अनोळखी चेहरा करून. सासऱ्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सुस्कारा सोडला आणि विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल फिरवलं. पाण्याचा असा लोंढा आला, की साहेबांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली.

तलाठी नोंदवही उघडून म्हणाला, "अन् इथं तं कोरडी लिहून आहे! पाणी कधी लागलं?"

"आजच, साहेब," सासरे माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "आमच्या जावयाचा पायगुण."

साहेब सावकाश माझ्याकडे वळले. आमच्या तक्त्यात पायगुणाचा रकाना नव्हता.

त्या चौकोनाचे गुण साहेबांनी स्वतःच्या हातांनी कापले आणि वावर वाचलं. तलाठ्याने नोंद बदलली. त्या वर्षी सासऱ्यांनी लेव्हीचं धान स्वतः गाडीत चढवलं.

दिवाळीला मात्र आमच्या नेहमीच्या तांदळाच्या पोत्याऐवजी एक पिशवी आली. निरोप होता, "बाकीचा पायगुण सरकारनं नेला."