आमदार कुणाचा, ओढा कुणाचा

आमचं गाव पाबळच्या बाजूचं, तालुका शिरूर. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा आमच्यासह तालुक्यातली काही गावं विधानसभेपुरती शेजारच्या तालुक्याला जोडली. दाखल्यासाठी शिरूर गाठायचं, मत मात्र तिकडच्या आमदाराला. आम्हाला कुणी विचारलंही नाही.

आई गेली ती भर पावसाळ्यात. आमच्या बौद्धवस्तीची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे, आणि ओढ्यावर पूल नाही. भावाने आणि चुलत्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून तिरडी नेली. मधोमध एकाचा पाय घसरला, तिरडी कलली आणि आईचा हात कापडाबाहेर येऊन पाण्याला लागला. मी काठावरून बघत होते.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि आम्ही वस्तीतल्या बायका पूल मागायला निघालो. शिरूरला एका पुढाऱ्याच्या कार्यालयात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "तुमचं मतदान आमच्यात न्हाई. तिकडं जा." तिकडे गेलो. तिथे ऐकलं, "तालुका शिरूर ना तुमचा? मग शिरूरलाच सांगा की!"

म्हणजे आम्ही राहायचं तरी कुठं?

निवडणूक आली. प्रचाराला तिकडचा एक पुढारी समाजमंदिरात आला. भाषणाला उठला तशी मी म्हणाले, "साहेब, भाषण मागनं. आधी माझ्या आईला नेली त्या वाटंनं चला."

त्याचा कार्यकर्ता मध्ये पडला. "ताई, साहेबांना पुढं सभा हाय."

"आमची मान्सं पान्यातनं जात्यात, तवा कुनाला सभा नसती व्हय?" चुलती म्हणाली आणि गाडीपुढे जाऊन बसली. तिच्यामागे सगळ्या बसल्या.

शेवटी त्याने बूट काढले. मधल्या धारेत तोही डगमगला, तेव्हा मीच त्याचा हात धरला. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, "पूल होईल."

झालाही. पण उद्‌घाटनाला पलीकडच्या काठावर तोच पुढारी माइकवर सांगत होता, "या लोकांसाठी मी स्वतः पाण्यातून चाललो!" टाळ्या पडल्या. माझं डोकंच फिरलं. मी जागेवरूनच ओरडले, "तुमी एकदा चालला साहेब. आमची मढी किती वर्सं गेली, ते बी सांगा!"

कुणीतरी घाईघाईने स्पीकरवर गाणं लावलं. पेढे वाटायला लागले. आम्ही बायका पेढ्याला हात न लावता उठलो आणि पुलावरून घरी आलो. राग अजून उतरलेला नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही.