भोंगा होईपर्यंत

मी तेव्हा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कोळशावर होतो अन् दारू प्यायचो. बायकोनं सांगून टाकलं होतं, आता एक थेंब जरी तोंडात गेला तर पोरांना घेऊन माहेरी जाईन, परत येणार नाही. ती उगाच बोलणारी बाई नव्हती.

तिनंच मला सीताबर्डीच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं गोळी दिली नाही की सुई टोचली नाही. म्हणे, दारू मनात बसते अन् तिची वेळ शरीर पाळते, दोघांना एकदमच वळवावं लागतं. उपाय काय, तर प्यायच्या वेळेला जमिनीवर उताणं पडायचं, बेंबीवर पाण्याचा लोटा ठेवायचा. श्वासानं लोटा खालीवर झाला पाहिजे, पाणी सांडलं नाही पाहिजे. बायकोनं उशाशी बसून तसाच श्वास घ्यायचा. दोघांचे डोळे बंद, पॉवर हाऊसचा संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत तोंडही बंद.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, येडा मी आहो का तुम्ही?" बायकोनं कोपर मारलं.

पहिल्याच संध्याकाळी शेजारीण विरजण मागायला आली. पाहते तर माणूस सारवलेल्या जमिनीवर आडवा, पोटावर पाण्याचा लोटा, उशाशी बायको मुकी. आमच्याकडे जीव जायच्या वेळीच माणसाला खाटेवरून खाली घेतात. तिनं असा गळा काढला की क्वार्टरची सारी लाइन गोळा झाली.

"कशानं गेला गा?"

"दारूनं. अजून कशानं जाईल?"

"बाई रडून नाही राहिली."

"काहून रडंल? सुटली."

कोणी बांबू आणायला पळालं. लाकडं किती सांगायची यावर वाद सुरू झाला. एकजण म्हणे, कमीच लागतील, हा आतून भिजलेलाच आहे. एका म्हातारीनं पोटावरचा लोटा उचलून बाजूला ठेवला.

"पोट हलून राहिलं ना वं."

"गॅस असते तो. निघून जाते."

मला सारं ऐकू येत होतं. पण बायको हलली नाही, तर मी कसा हलू?

मग कोणी माझ्या तोंडात घालायला गंगाजल आणलं. तोच माझा प्यायचा दोस्त रडत आला. "भाऊच्या तोंडात गंगाजल काहून घालता? त्याले त्याची चव तरी माहीत हाये का?" त्यानं खिशातून पव्वा काढला अन् माझ्या ओठांवर धरला. वास नाकात गेला. जीभ आतून दाराशी येऊन उभी राहिली. मी दात आवळून धरले. दारू गालावरून घरंगळत कानात गेली. उशाशी बायकोचा श्वास थांबला होता.

तेवढ्यात भोंगा झाला. मी उठून बसलो. दोस्त पव्वा तिथंच टाकून पळाला, बांबूवाल्यांना धडकला. बायकोनं डोळे उघडले, माझ्या तोंडाला नाक लावून हुंगलं.

"कान वास मारून राहिला," ती म्हणाली. "तोंड नाही."

मग तिनं शेजारणीला विरजण दिलं. माहेराचं नाव पुन्हा काढलं नाही, अन् मी पुन्हा प्यालो नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तिला जमिनीवर घेतलं. पोरगा बांबू सांगायला निघाला. मी म्हटलं, थांब, भोंगा होऊ दे. आता आम्ही शहरात, जरीपटका वस्तीत राहतो, तिथं पॉवर हाऊसचा भोंगा ऐकू येत नाही, हे मलाही समजतं. सारे म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी तिच्या पोटावर लोटा ठेवला, उशाशी बसलो, डोळे मिटून श्वास घेत राहिलो.

डोळे उघडले तेव्हा लोटा काठोकाठ भरलेला होता. एक थेंब सांडला नव्हता.