न प्यालेली दारू

"किती वर्षं घेताय?" मिरजेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. आमच्या ह्यांचं पोट मडक्यासारखं तटतटलं होतं, पाय सुजले होते, डोळ्यांत पिवळी झाक. सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं दिसत होतं आणि पोटात पाणी.

"घेत न्हाई, साहेब," हे म्हणाले.

"फौजेत होता ना?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघत विचारलं.

फौजेतला म्हणजे पिणारच, हे आमच्या इस्लामपूरकडं शेंबडं पोरगंही सांगेल. हे पेन्शनीत आल्यावर कॅन्टीनच्या कोट्याच्या बाटल्या नेमानं आणायचे, पण बूच कधी उघडलं नाही. बाटल्या पुढच्या दारानं आत यायच्या आणि मागच्या दारानं धाकट्या दिराकडं आणि भावकीकडं जायच्या. गावाला दिसायची ती ह्यांच्या हातातली पिशवी. मी म्हणायचे, "आवं, ही पीडा आणताच कशाला?" तर म्हणायचे, "हक्काचं हाय, सोडायचं कशाला?" हट्टी माणूस. ह्यांचं व्यसन एकच, गोडाचं. जिलेबी दिसली की साखरेचं दुखणं विसरायचे.

रक्त तपासलं, दुर्बीण घातली, मग डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस आणि लिव्हरवर साठलेली चरबी. दारू न पिताही असं होतं." बोलताना त्यांचा आवाज जरा उतरला.

"साहेब, एवढं आमच्या गावात येऊन सांगता का?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. हे हसले नाहीत.

लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ जवळजवळ बंद झालं, आणि एक गोडसर औषध आलं, पोट साफ राहायला. ते चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोट साफ झालं नाही तर घाण रक्तातून डोक्यात चढते, माणूस बरळतो, त्याचा तोल जातो. औषध हे बिनतक्रार घ्यायचे. भांडण मिठावरून व्हायचं. मिरचीच्या खरड्याशिवाय ज्याला भाकरी उतरायची नाही, त्याच्यापुढं मी अळणी पालेभाजी ठेवायचे. "आगं, मिठाचा एक खडा तरी दे," म्हणायचे. मी दिला नाही. मला वैरीण म्हणाले, तेही ऐकून घेतलं. दिला असता तर पोट पुन्हा भरलं असतं.

लोणंदला नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. "मांडवातनं सारखं परसाकडं कुठं पळू?" म्हणून ह्यांनी माझ्या नकळत औषध चुकवलं. अक्षता पडेपर्यंत हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, चालताना झोकांड्या. दोघांनी काखेत धरलं. "मेजर, आज सकाळीच?" एकानं विचारलं आणि मांडवभर हशा झाला.

माझं तोंड मुळातच फाटकं. "आजारी हायती ती! दारू न्हाई ही!" मी ओरडले.

"व्हय वहिनी, व्हय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. हशापेक्षा ते 'व्हय' मला जास्त लागलं.

साताऱ्याच्या दवाखान्यात पोट साफ केलं, सलाईन लावली, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. पहिला प्रश्न, "मांडवात मी काय केलं?"

"काय न्हाई. झोप लागली तुमाला."

"लोकं काय म्हणली?"

मी उत्तर द्यायच्या आत ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मरणाची भीती मला ह्यांच्या डोळ्यांत कधी दिसली नाही, पण दारुडा म्हणून जायची भीती दिसली. त्यानंतर फार टिकले नाहीत. रक्ताची उलटी झाली आणि मिरज गाठायच्या आत संपलं.

दहाव्याला कृष्णेच्या काठावर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, खाली एकही येईना. काहीतरी इच्छा राहिली, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात दिरानं खिशातून क्वार्टर काढली आणि पिंडाशेजारी ठेवली. चेष्टा नव्हती, तो रडत होता.

"भावजी, तुमी तरी?" मी म्हटलं.

"लोकं म्हणत्यात, वहिनी... चोरून घेत असंल. जीव अडकायला नगो त्याचा."

ह्यांच्या वाटणीची दारू ज्यानं प्यायली, त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. मी बाटली उचलली आणि सगळी तिथंच वाळूत ओतली. घरून डबीत खरडा आणला होता, मीठ हात सैल सोडून घातलेला. तो भाकरीच्या तुकड्यावर ठेवला आणि हात जोडले. "खावा आता. आता कोण आडवत न्हाई."

एक कावळा लगेच उतरला आणि त्यानं खरड्याचाच तुकडा उचलला. इतके दिवस अडवून धरलेलं माझं रडू तिथं फुटलं.

मागं एका म्हाताऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. "वास लागला बघ गड्याला. वाळूत सांडली तरी सोडली न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दिरानं भरल्या डोळ्यांनी रिकाम्या बाटलीला हात जोडले.